परमिटचं रजिस्टर

आठवीच्या वर्गाला सबस्टेशन दाखवायला न्यायचं, हा हट्ट माझाच. विज्ञान शिकवताना फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढून काढून मी कंटाळले होते. धाड गावाजवळच्या आमच्या शाळेतून दोन जिपा करून निघालो.

वर्गातल्या एका मुलीचे वडील कंत्राटी लाइनमन होते. आदल्या वर्षी ते खांबावर असतानाच लाइन चालू झाली आणि ते गेले. परमिट न घेताच चढला, चूक त्याचीच, असं गावात सगळे म्हणायचे. ते ऐकतच ती वर्षभर शाळेत येत होती. "येशील ना?" मी विचारलं. "हो मॅडम," ती म्हणाली आणि मी तेवढ्यावर निश्चिंत झाले. माझ्या अकलेची कमालच म्हणायची.

सबस्टेशनचा ऑपरेटर पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं एक जाडजूड रजिस्टर उघडून दाखवलं. "लाइनमन चढायच्या आधी इथं येते. मी लाइन बंद करतो, दोघं सही करतो. त्यानं खाली उतरून पुन्हा सही केल्याबिगर लाइन चालू करायची नाही. याले परमिट म्हणतात."

तिनं विचारलं, "काका, फोनवर सांगतलं तं चालते का?"

"नियमात नाही बसत, पोरी. पण एका सहीसाठी दहा किलोमीटर कोन येईन? सारेच फोन करतात."

"मंग रजिस्टरात त्याचं नाव नसते?"

"नसते."

"माह्या बाबानं फोन केला होता. आईसमोर. लाइन बंद केली ना, असं इचारूनच घरून गेले."

ऑपरेटरनं रजिस्टर मिटलं. तो म्हणाला, "पोरी, त्या दिवशी ड्युटी माहीच होती. तुह्या बाबाचा..."

"चला रे सगळे, जीपवाले खोळंबलेत," मी मोठ्यानं म्हणाले. जीपवाले बाहेर खुशाल तंबाखू मळत बसले होते. मी घाबरले होते. तो काय बोलेल, मग चौकशीत शाळेचं नाव येईल, मुख्याध्यापक मला फाडून खातील, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. पोरं बाहेर पडली. ती सगळ्यांत शेवटी निघाली.

सहलीच्या अहवालात 'काय शिकलो?' या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं, 'काका सांगत होते. मॅडम चला म्हणाल्या.' मी दहापैकी दहा गुण दिले. दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच सबस्टेशनवर गेले. तिथं नवा माणूस होता. जुन्याची बदली जळगाव जामोदकडं झाली होती. एसटीनं जाऊन यायचं तर सगळा दिवस जातो, पण रविवार माझ्या हातात होते. एक गेला, दुसरा गेला. कधी पेपर तपासायचे होते, कधी पाहुणे आले. खरं सांगायचं तर माझे पाय निघत नव्हते; मी गेलेच नाही.

एक दिवस तिनंच विचारलं, "मॅडम, ते काका काय सांगून राह्यले होते?"

"मी जळगाव जामोदला जाऊन आले गं," मी म्हणाले. "भेटले नाहीत ते."

मलाच धीर देत ती म्हणाली, "असू द्या मॅडम. तुमी गेल्या तं सही."