माटोळीतली आडवेल

मी एका वेळी चार पुस्तकं वाचते आणि चारही मला समजतात, असा माझा समज होता.

स्वयंपाकघरात रानवनस्पतींची माहिती, पडवीत विनोदी लेख, सोप्यावर लेकाच्या चित्रकथा आणि उशाशी भाषांतरित कादंबरी. हळदीचे हात लागतात म्हणून चारही पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं. त्यामुळे थोडी सरमिसळ व्हायची. (कादंबरीतल्या रशियन जमीनदाराला वाघ कधी खातो, याची मी दोन दिवस वाट पाहिली. वाघ चित्रकथेतला होता!)

खरा घोळ झाला तो चवथीला. गणपतीच्या डोक्यावर, छताला, आम्ही माटोळी म्हणजे लाकडी चौकट बांधतो. तिला रानातली फळं, वेली, जे मिळेल ते टांगतो. साखळी गावाहून माझ्या थोरल्या जाऊबाई येतात, मान वर करून बघतात आणि दरवर्षी म्हणतात, "सगळा असा गो शैला, पण कायतरी कमी दिसता."

यंदा त्यांचं तोंड बंद करायचंच! फोडणी देता देता मी वाचलं, 'आडवेल. फळ हिरवं, गुळगुळीत, आतून पोकळ. सावलीत वाढते.' तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुस्तक मिटलं आणि नवऱ्याला फर्मान सोडलं, "हे आणा."

"अगो, पण ह्यां खंय गावतलां?"

"सावलीत. पुस्तकात लिहिलंय!"

मुळगावच्या रानात सकाळभर भटकून तो परतला. पायाला जळवा, गुडघे सोललेले आणि हातात हिरवं, गुळगुळीत काहीतरी. "हेच ते. नसलां तरी हेच!"

टांगलं. जाऊबाई आल्या. "ह्यां काय गो?"

"आडवेल," मी थाटात.

"आडवेल!" शेजारचे काका लगेच पुढे सरसावले. "आमचो आजो दर चवथीक रानातसून हाडी."

"पोटदुखीक बरी," काकूंनी भर घातली. भटजींनीही मान डोलावली. जाऊबाईंचा चेहरा जन्मात पहिल्यांदा उतरला!

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आत जाऊन पुस्तकच आणलं. "वहिनी, वाचा की. मोठ्यानं!"

जाऊबाईंनी वाचलं. "आडवेल. फळ हिरवं, गुळगुळीत, आतून पोकळ. सावलीत वाढते, शक्यतो सरकारी कचेरीच्या. साहेब दिसताच जमिनीवर आडवी होते. निवडणुकीनंतर झाड बदलते."

पडवीतले विनोदी लेख स्वयंपाकघरात आले होते!

"आजो हाडी ती दुसरी," काका म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

नवरा गुडघे चोळत म्हणाला, "मगे माका रानात कित्याक धाडलंस? कचेरीत बसनं गेलो असतो!"

जाऊबाईंनी शांतपणे माटोळीकडे पाहिलं. "शैला, यंदा मातर कमी कायच नाय हां. एक जास्तच असा."

आता मी एका वेळी एकच पुस्तक वाचते. निम्मं झालंय. हसायचं की नाही, ते अजून कळलेलं नाही.