डाव्या वळणांची फेरी

आमचे काका एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, पण बस काही त्यांच्यातून उतरली नाही. जेवायला बसतानासुद्धा ते आधी खुर्ची पुढेमागे सरकवून नीट करतात. आणि उजवीकडे वळणं त्यांना मुळीच खपत नाही. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाची मनधरणी करायची. डावीकडे कसं बिनबोभाट वळता येतं. म्हणून ते भाजी आणायलाही डावी डावी वळणं घेत जातात आणि पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लावतात. तेही चालत! काकूने यावर बोलणं केव्हाच सोडून दिलंय.

काकूचा उजवा गुडघा कामातून गेला होता. तो बदलायला हवा असं डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं होतं. आणखी उशीर केलात तर अवघड होईल, असंही त्यांनी बजावलं होतं. पण काकू इतकी घाबरली होती की तारीखच घेऊ देईना. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं तिने जवळजवळ बंद केलं होतं. काका रोज विषय काढायचे, ती रोज टोलवायची. एका सकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत होते, तेव्हा ती म्हणाली, "आधी मला एकदा माझ्या पायांनी जंगलातल्या धबधब्यापर्यंत जाऊ द्या. मग बघू."

"मग बघू" म्हणजे होकार नव्हे, हे मलाही कळत होतं. काकांनी मात्र ते दोन शब्द घट्ट धरून ठेवले.

तासाभराच्या अंतरावर जंगलात चार किलोमीटरची एक गोल पायवाट आहे. वाटेत दोन धबधबे आणि वर एक सपाट कातळ, जिथून डोंगररांगा दिसतात. माहितीपत्रकात तिच्यापुढे "सोपी" असं छापलेलं. काकांनी त्यातला नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पट्टी-पेन्सिल घेऊन आठवडाभर तिथेच ठाण मांडलं. काकू बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवत होती. शेवटी वेळापत्रक तयार झालं. सुटण्याची वेळ सात चाळीस. कातळावर बारा मिनिटं, मोठ्या धबधब्यापाशी सात, धाकट्यापाशी पाच. मधल्या एका बाकापुढे लिहिलं होतं, विनंती थांबा.

"सात मिनिटं?" काकू म्हणाली. "अहो, मला धबधबा बघायचाय, पंक्चर नाही काढायचं."

"बरं, दहा घे. पण मग पुढे उशीर होणार, मला बोलायचं नाही."

ही फेरी दोन्ही बाजूंनी करता येते. काकांनी अर्थातच सगळी वळणं डावी येतील ती बाजू निवडली. त्या बाजूला नकाशावर सुरुवातीलाच बारीक आडव्या रेघा होत्या. तो त्यांना छपाईतला दोष वाटला. मला तर त्या दिसल्याही नव्हत्या, तेव्हा मी शहाणपणा न शिकवलेला बरा.

रविवारी सात अडतीसला आम्ही तिघं जंगलाच्या फाटकाशी उभे होतो. तिथला वनरक्षक काकूची काठी बघून म्हणाला, "काकू, ओढ्याच्या बाजूने जा. सगळे तिकडूनच जातात."

"आमचा मार्ग ठरलाय," काका म्हणाले आणि बरोबर सात चाळीसला निघाले.

पहिलं वळण घेतलं आणि त्या आडव्या रेघा समोर उभ्या राहिल्या. दगडी पायऱ्या! एकेक चांगली हातभर उंच, आणि वर बघावं तर संपायचं नाव नाही. काकू काठी टेकत, दात आवळत चढली. बत्तिसाव्या पायरीवर ती बसली. चेहरा घामाने डबडबलेला.

"माझ्याच्याने नाही होत. घरी चला. झालं माझं फिरणं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला काकांचा असा राग आला की तो नकाशा फाडून टाकावा. गुडघ्याचा विषय आता कायमचा मिटला, हे उघडच होतं.

काकांनी घड्याळ बघितलं नाही. एकतीस वर्षांत अर्ध्यावरून गाडी वळवली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. त्यांनी नकाशा घडी करून खिशात घातला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "मी वळणं बघत बसलो. तुझा पाय बघितलाच नाही."

मग ते तिच्या खालच्या पायरीवर तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, तिचे दोन्ही हात धरले आणि उलटे उतरू लागले. मागचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. तिसऱ्या पायरीला ते अडखळले, तशी काकू डोळे पुसत म्हणाली, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... बास!"

मला हसू आवरेना. काकूही हसायला लागली. बत्तीस पायऱ्या तिने त्यांना कंडक्टरच्या थाटात मागे आणलं. खाली वनरक्षक झाडाकडे बघत उभा होता. भला माणूस, काकांनी हळूच काहीतरी विचारलं, तेवढ्याचंच उत्तर दिलं.

ओढ्याकडची वाट खरंच सोपी निघाली. सगळी वळणं उजवी, पण काकांनी हूं की चूं केलं नाही. धाकट्या धबधब्यापाशी काकूने पाण्यात पाय सोडले आणि अर्धा तास काढलेच नाहीत. मोठ्या धबधब्याने आम्हाला चिंब केलं. मग थांबत, बसत, काठीला शिव्या देत ती कातळावर पोचली. स्वतःच्या पायांनी.

समोर एकामागे एक डोंगर होते. खाली घाटातून एक बस चढत होती.

"हा तर माझा रस्ता!" काका म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "पण हे एवढे डोंगर..."

"इथेच होते," काकू म्हणाली. "आम्ही खिडकीतून बघायचो. तुम्ही रस्ता बघायचात, म्हणून आम्हाला बघता यायचं."

कातळाच्या पलीकडच्या कडेपासून त्या पायऱ्या खाली जात होत्या. काकूने काठी टेकून वाकून बघितलं. "उरलेली फेरी इकडून ना?"

"हो. पण आपण आल्या वाटेनेच परतायचं. दोनशे दहा पायऱ्या आहेत, मी वनरक्षकाला विचारलं."

काकू बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "नवा गुडघा एवढ्या उतरेल का हो?"

काका डोंगर सोडून तिच्याकडेच बघू लागले.

"अहो, माझ्याकडे काय बघताय? उद्या डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली, "आणि विचारताच आहात तर तारीखही घेऊन टाका."