वाघ येऊन राहिला

लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही, आणि जे आहे ते लिहिणारा मी कोण, हेही मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे शुद्धलेखन तपासायला घरी कुणी नाही. चुकलं तर माफ करा.

नागझिरा अभयारण्याच्या फाटकावर मी शनिवार-रविवार शिकाऊ गाईड होतो. पुढे ठेवायचं की नाही, ते वनखात्याचे साहेब ठरवणार होते. ठेवलं तर कॉलेज चालू राहणार, नाही तर मामासोबत नागपूरला टाइल्स बसवायला.

रीतसर प्रशिक्षण एका दुपारचं झालं. पडद्यावर चित्रं दाखवत एका सरांनी सांगितलं, पाहुण्यांशी शुद्ध मराठीत बोला. बाकी सगळं मी फाटकासमोरच्या चहाटपरीवर शिकलो. गाड्या परतल्या की तिथे नाटक चाले. सगळ्यात जुने गाईड, ज्यांना आम्ही मोठे भाऊ म्हणायचो, डोक्यावरून गमछा घेऊन पाहुण्या बाई व्हायचे.

"अहो, वाघ किती वाजता निघतो?"

मी घड्याळाकडे बघायचो.

"काऊन बे, बाई विचारून राहिली न! तोंडात मोहफुलं भरली का?"

अडखळलो की सगळ्यांचा चहा मी आणायचा. मी फार चहा आणला.

मग एकदा मला एकट्याला गाडी मिळाली. पाहुणे पुण्याचे आजी-आजोबा. आजोबा मराठीचे निवृत्त मास्तर. हे कळल्यावर माझी शुद्ध मराठी जी घशात गेली, ती वर आलीच नाही. गाडीच्या मागच्या बाजूला चितळानं धोक्याची हाक दिली. मी कुजबुजलो, "वाघ येऊन राहिला!"

"येऊन राहिला?" आजोबा माझ्याकडे झुकले. "कधीपासून?"

"आत्ताच, सर."

"आत्ताच आला आणि राहिलासुद्धा? कुठे?"

"राहिला नाही सर, येऊन राहिला."

"म्हणजे आला."

"आला नाही न जी अजून! येऊनच राहिला!"

"अहो, राहू द्या की त्याला," आजी म्हणाल्या. "जंगल त्याचंच आहे."

मास्तर बोलत असले की मान खाली घालायची, ही माझी शाळेपासूनची सवय. त्यामुळे मी माझ्या चपलांकडे बघत होतो, आणि ते दोघं माझ्याकडे. आरशात बघत होता तो एकटा ड्रायव्हर.

"अरे गुरुजी, पीछे देखो, पीछे!"

आम्ही वळलो तेव्हा नुसतं गवत हलत होतं.

"पूरा टायगर था," ड्रायव्हर म्हणाला. "पूँछ के साथ."

फाटकापर्यंत मी मनातल्या मनात 'येतो आहे, येतो आहे' घोकत होतो. उतरल्यावर आजोबा साहेबांशी बराच वेळ बोलत उभे होते, बोट नाचवत. मला टाइल्स दिसायला लागल्या.

टपरीवर त्या दिवशी मोठे भाऊ वाघ झाले. गमछ्याची शेपूट लावून ते प्रत्येक बाकापाशी थांबत आणि विचारत, "इथं राहू का जी?" मी चहा आणता आणता हसलो. करणार काय? मग शेपूट काढून ते शेजारी बसले.

"हे पाह्य. जनावर आलं का तोंड बंद, बोट चालू. व्याकरण मंग, चहावर."

त्या वाक्याइतकं उपयोगाचं मी अजून कुठे शिकलेलो नाही.

पावसाळ्यात फाटक बंद झालं. साहेबांकडून काही निरोप नव्हता. मामानं माझ्यासाठी टाइल्स ठोकायची रबरी हातोडी आणून ठेवली. मी धानाच्या रोवणीच्या चिखलात होतो, तेव्हा आईनं फोन माझ्या कानाला लावला. मोठे भाऊ होते.

"पुण्याहून त्या मास्तरचा साहेबाले फोन आला. दोस्तायले घेऊन दिवाळीनंतर येऊन राहिले ते. म्हणे, गाईड तो 'येऊन राहिला'वालाच पोरगा पाहिजे."

"मंग माझं काय, भाऊ?"

"तुले ठेवून राहिले."

मी घाबरून विचारलं, "ठेवून राहिले म्हणजे ठेवलं, का अजून ठेवाचं आहे?"

"काऊन बे, तू बी पुण्याचा झाला का? ठेवलं तुले!"