तांदळाचा तिसरा दाणा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा किस्सा जसजसा पुढे सरकतो तसतसा माझाच चेहरा पडत जातो. आजवर मी पुष्कळ गाढवपणा केलाय, पण बाकीचा सगळा कसाबसा निस्तरला. हा एक तसाच राहिलाय.

मी ड्राफ्ट्समन. पवईतल्या एका ऑफिससाठी इमारतींची ड्रॉइंग काढतो. आठवड्यातले चार दिवस घरूनच काम, म्हणजे कांदिवलीच्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमधून. एका स्क्रीनवर प्लॅन, दुसऱ्या स्क्रीनवर त्याच इमारतीचं थ्रीडी मॉडेल. दोन मॉनिटर ही आमच्या धंद्यात चैन नाही हो. एका स्क्रीनवर हे काम करायचं म्हणजे एका हाताने चपाती लाटायची.

घरात तिघं. मी, बायको निशा आणि आई. आई देवगडकडची, सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. ज्याच्यावर घर चालतं त्याची दसऱ्याला पूजा झालीच पाहिजे, हे तिचं ठाम मत. त्यामुळे विळी, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल. कॉम्प्युटरला जरा जास्तच, कारण पगार त्याच्यातून येतो अशी तिची समजूत. तशी ती चुकीचीही नाही.

तर दोन वर्षांपूर्वीचा दसरा. पूजा झाली, श्रीखंड झालं. दुसऱ्या दिवशी कामाला बसलो आणि वीस मिनिटांत खट! दोन्ही स्क्रीन काळ्या. पुन्हा चालू केला, पुन्हा वीस मिनिटांनी खट. दुसरा मॉनिटर काढून ठेवला तर दिवसभर गुमान चालला. मॉनिटर लावला की वीस मिनिटांत राम.

मग मी काय केलं नाही ते विचारा. केबल बदलली. मॉनिटरची अदलाबदल केली. प्लग दुसऱ्या बोर्डात घातला. नको नको ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि पाहिजे ते दोनदा भरलं. कुठल्या कुठल्या पोरांचे व्हिडिओ बघितले. वाट लागली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, कारण पुढच्या आठवड्यात एका टॉवरची ड्रॉइंग द्यायची होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांची मीटिंग. अकरा माणसांना मी मॉडेल फिरवून दाखवतोय, आणि भर सातव्या मजल्यावर खट. फोनवरून परत मीटिंगमध्ये शिरलो तर साहेब विचारतात, "काय रे, कुठे गायब झालास?"

मी म्हटलं, "सर, आईने दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, तेव्हापासून याची नाटकं चालू झालीत."

अकराच्या अकरा जण खो खो हसले. मीही हसलो. आमचं स्वयंपाकघर हॉलपासून सहा पावलांवर. आई तिथे कोथिंबीर निवडत बसली होती.

खरं सांगू? तोपर्यंत पूजेचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. लाज झाकायला काहीतरी बोललो. पण एकदा बोलल्यावर मला ते पटलंच. माणूस दुसऱ्याचं खोटं पकडतो, स्वतःच्या खोट्यावर मात्र लगेच विश्वास ठेवतो.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं. आत खाली धुळीत, काय असेल? तांदळाचा दाणा. कुंकवाने गुलाबी झालेला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. चिमट्यात धरून तो दाणा मी आईच्या नाकासमोर नेला.

"हे बघ. हे तुझं काम."

आई म्हणाली, "माका काय समाजता त्यातला? मी वरच टाकलंय मां."

"वर टाकलेलंच खाली जातं, आई."

झाकण तसंच उघडं ठेवून दोन्ही मॉनिटर लावले. अख्खी दुपार मशीन लोण्यासारखं चाललं. सापडला चोर, म्हटलं. संध्याकाळी झाकण लावलं. वीस मिनिटांत खट.

म्हणजे काय? अजून एक दाणा आहे. झाकण उघडलं, शोधलं, आणि खरंच दुसरा दाणा मिळाला. उघड्या मशीनवर दोन तास काम केलं, झकास. झाकण लावलं, खट. म्हणजे तिसरा दाणा आहे.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, ते झाकण... गप्प बसा. तुम्ही चहा पिताय म्हणून तुम्हाला सुचतंय.

तिसऱ्या दाण्यासाठी मी कॅबिनेट चादरीवर उलटं धरून हलवलं. निशाचा केस वाळवायचा ड्रायर आत घातला. टॉर्च तोंडात धरून अर्धा तास आत बघितलं. आई दारात उभी राहून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "झिला, मी बघू काय? माझी नजर अजून बरी आसा."

आणि माझा तोल गेला. म्हटलं, "तू लांबच राहा. हात लावू नकोस कशाला. माझी नोकरी गेली तर तुझा देव येऊन ड्रॉइंग काढणार आहे का?"

निशा म्हणाली, "तोंड आवर."

माझी आई भांडखोर आहे, वाळत घातलेल्या कपड्यांवरून वरच्या मजल्यापर्यंत भांडते. ती गप्प बसली तिथेच मला कळायला हवं होतं. मी तिसरा दाणा शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. "चार दिस मुलुंडाक जातंय, चेडवाकडे," म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी, माझी बहीण; झिल म्हणजे मुलगा, तो मी. निघताना कॉम्प्युटरशेजारी पडलेलं सुकलेलं फूल तिने दोन बोटांनी उचललं, मशीनला नख लागू न देता, आणि पिशवीत टाकलं.

चार दिवसांचे दहा दिवस झाले. निशा फोन करायची, आई तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची. मी घेतला की म्हणायची, "काम कर तुझा."

मी तेच करत होतो, एका स्क्रीनवर, रखडत. शेवटी निशा वैतागली आणि चर्चजवळच्या गावठाणातून ग्लोरिया आंटीला घेऊन आली. ग्लोरिया आंटी कॉम्प्युटर दुरुस्त करते. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, जिभेला हाड नाही. मी तिला सगळी कथा सांगितली आणि छोट्या डबीत जपून ठेवलेले दोन दाणे पुरावा म्हणून दाखवले.

तिने चष्मा खाली घेतला. "हे? याच्यावर तीन वर्षांची धूळ चिकटलीय, बघ. हे आत पडून होते, तेव्हा पण मशीन चालतच होतं ना?"

मी म्हटलं, "तिसरा सापडत नाहीये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने झाकणाच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग वरच्या जाळीवरून फिरवलं. मग नखाने एक कोपरा खरवडला.

"ही चिकटपट्टी कुणी लावली?"

"कुठली चिकटपट्टी?"

पार्सलला लावतात ती रुंद, पारदर्शक पट्टी. दोन्ही जाळ्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हवा जायला जागाच नाय ठेवली," ग्लोरिया आंटी म्हणाली. "एक मॉनिटर असला तर भागतं कसंतरी. दोन लावले की आतलं स्क्रीनचं कार्ड तापतं, मग मशीन जीव वाचवायला बंद पडतं. झाकण उघडलं की त्याला श्वास मिळतो. सिंपल आहे यार. कुणी केलं हे?"

आणि ऐका, कपाळाला हात लावा. माझ्या तोंडातून 'आई' हा शब्द बाहेर पडायच्या बेतात होता. खरंच.

निशा म्हणाली, "तूच लावलीस."

"मी?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आईंच्या अक्षता आत जाऊ नयेत म्हणून. साहेबांशी फोनवर बोलत बोलत लावत होतास. कात्री मी आणून दिली."

तेव्हा आठवलं. कानाला फोन, दातात पट्टीचं टोक. पूजा झाली की काढायची म्हणून लावलेली.

म्हणजे त्या वर्षी आईचा एकही दाणा आत गेला नव्हता. जाऊच शकत नव्हता. मीच बंदोबस्त केला होता.

ग्लोरिया आंटीने पट्टी ओढून काढली आणि उजेडात धरली. "काम मात्र साफ केलंस हां. एक बुडबुडा नाय." ड्राफ्ट्समनचा हात आहे, काय सांगू.

दोन्ही मॉनिटर लागले. त्या दिवसापासून आजपर्यंत मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. निशा म्हणाली, "आता मुलुंडला जा. आणि जे आहे ते सांग."

गेलो. बसमध्ये वाक्य घोकत गेलो: आई, चूक माझी होती. चार शब्द. पवई येईपर्यंत पाठ झाले होते.

दार आईनेच उघडलं. आत बहीण, भावोजी, भावोजींची आई, सगळे जेवायला बसायच्या तयारीत. मी चप्पल काढतोय तेवढ्यात आईने विचारलं, "बरो झालो तुझो कम्पुटर?"

"झाला."

"तांदूळच होतो मां?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भावोजींनी तर टीव्हीचा आवाज कमी केला. आणि माझी मान हलली. खाली-वर. मी हलवली नाही असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

आई म्हणाली, "चुकला माझा, झिला." आणि मला पाट दिला. बांगड्याचं तिखलं केलं होतं तिने. मी दोनदा वाढून घेतलं.

त्याच संध्याकाळी ती माझ्याबरोबर कांदिवलीला परत आली. येताना बसमध्ये सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये गर्दी होती. मग दिवाळीनंतर सांगायचं ठरवलं. मग तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हटलं, आता कशाला. निशाने पहिले काही महिने विचारलं, "सांगितलंस?" मग विचारायचं सोडून दिलं. ते जास्त लागतं.

गेल्या दसऱ्याला आईने विळीची पूजा केली, मिक्सरची केली, खाली जाऊन स्कूटरची केली. कॉम्प्युटरच्या वेळी ताम्हण घेऊन हॉलच्या दारातच थांबली आणि लांबूनच हात जोडले. शेजारच्या वहिनी सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, याला कुंकू नाही?"

"नको गो," आई म्हणाली. "माझ्या हातान एकदा बिघाडलो तो."

निशाने माझ्याकडे बघितलं. आता बोलायचंच, असं ठरवून मी उठलो. घसा साफ केला. आणि म्हटलं, "जाऊ दे गं आई. झालं ते झालं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

आईचे डोळे भरून आले. वहिनींना म्हणाली, "बघलास? माझ्या झिलाचा मन मोठा आसा."