आमचं ठरलंय

माझ्या बायकोला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत. कोलेस्टेरॉलची गोळी मी कधी चुकवतो तेही तिला कळतं. ही गोष्ट मात्र तिला माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट सांगता येणार नाही — कदाचित तुम्ही अरविंदकाकांना ओळखत नाही म्हणून.

ऐकायला गोष्ट क्षुल्लक वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. हौशी लोकांच्या एका सॉफ्टबॉल टीमने आपला एक म्हातारा खेळाडू दुसऱ्या टीमला दिला आणि बदल्यात तरुण घेतला. एवढंच. बेसबॉलच्या मोठ्या टीम तर हे दरवर्षी करतात. वय झालेला हिरो ठेवायचा की देऊन टाकायचा, यावर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात. मीही भांडायचो. ‘भावना बाजूला ठेवा राव,’ असं फार ऐटीत म्हणायचो.

पण टीव्हीवरच्या खेळाडूच्या घरी जाऊन कुणी त्याचा चहा पीत नाही.

इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमची रविवारची टीम होती. सगळे मराठी, सगळे क्रिकेटवर वाढलेले. बॉल मारला की आम्ही बॅट हातात घेऊनच पळायचो, आणि काका ओरडायचे, “अरे टाक ती बॅट! भाला घेऊन कुठं निघालास?” हा खेळ आम्हाला त्यांनीच शिकवला. गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा ते इथे आलेले. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. तिथल्याच लोकांबरोबर खेळून शिकले आणि असे शिकले, की गावातले गोरे लोकसुद्धा त्यांना ‘डॉक’ म्हणून मैदानावर वाट करून द्यायचे. बॉल ते टाकायचे. तो असा सावकाश, आळसावल्यासारखा यायचा की मारणाऱ्याला वाटायचं, हा तर आपलाच — आणि बॅट फिरवेपर्यंत खाली बसलेला असायचा. “मी भूल देतो, ऑपरेशन तुम्ही करा,” म्हणायचे.

मी कॅप्टन होतो. नावाला. नावाला होतो, तिथेच सगळं आहे — पण त्याच्याकडे यायला मला जरा वेळ लागेल.

काकू गेल्या आणि त्यानंतर काका एकदम थकले. गुडघा वाकेना. जोरात परत आलेला बॉल त्यांच्या पायांजवळून निघून जायचा आणि ते फक्त मान वळवून बघायचे. आम्ही हरायला लागलो. तरी रविवारी मैदानावर सगळ्यात आधी तेच. मॅच झाली की चिवड्याचा स्टीलचा डबा उघडायचे. डबा काकूंचा, चिवडा इंडियन स्टोअरमधला. पाकीट घरी फोडून डब्यात भरून आणायचे. आम्हाला चवीवरून कळायचं, पण कुणी बोललं नाही. त्यांना तो आठवड्यातला एकच दिवस होता — हे मला माहीत होतं. हे नीट लिहितोय, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी कॅप्टन लोक आपसांत खेळाडू बदलू शकत. गावातल्या दुसऱ्या एका टीमला बॉल टाकणारा हवा होता, आणि गुडघा गेला तरी काकांचा बॉल अजून तसाच फसवायचा. त्यांच्याकडे काइल नावाचा एक पोरगा होता, हरणासारखा पळणारा. त्यांचा कॅप्टन मला म्हणाला, तुमचा डॉक द्या, काइल घ्या.

मी सगळ्यांना माझ्या बेसमेंटमध्ये बोलावलं. काकांना सोडून. चहा झाला आणि मी विषय काढला. मकरंद उसळलाच — “काकांशिवाय कसली टीम यार? हरू ना! कोण पेपरात छापणार आहे?” बाकीचेही तेच म्हणाले. एकही माणूस माझ्या बाजूने नव्हता. मी काय म्हणालो? ‘बघू,’ म्हणालो. आपल्याकडे बघू म्हटलं की विषय संपतो. त्यांच्यापुरता तो संपला.

मी दुसऱ्या दिवशी त्या कॅप्टनला हो म्हणून टाकलं.

जिंकण्यासाठी? तसं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण खरं कारण लहान होतं आणि घाणेरडं होतं. मैदानावर मी काही सांगितलं की सगळे आधी काकांकडे बघायचे. त्यांनी मान हलवली की मग माझं ऐकायचे. काका मुद्दाम काही करत नव्हते हो, उलट म्हणायचे, “कॅप्टन सांगतोय तसं करा.” त्याचाच मला जास्त राग यायचा. माझी कॅप्टनशिपसुद्धा मला त्यांच्याकडून मिळत होती. मला ते मैदानावर नको होते. बस्स.

मग त्यांना सांगायला गेलो. त्यांनी चहा टाकला, आलं किसून घातलं. मला आठवतंय, मी कप हातात घेतला आणि म्हणालो, “काका, काइलला घ्यायचं आणि तुम्हाला तिकडे द्यायचं — आमचं ठरलंय.”

आपल्या भाषेत हे किती सोपं आहे! ‘ठरलंय.’ कुणी ठरवलं ते सांगावं लागत नाही. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही, ‘आमचं’ म्हणालो. टीमबद्दल बोलताना काका जन्मात कधी ‘आम्ही’ म्हणाले नव्हते. आपण हरलो, आपल्याकडे काइलसारखा कुणी नाही, आपल्याला पळता येत नाही — सगळं आपण. ‘आपलं ठरलंय’ म्हटलं असतं तर ते निदान आत राहिले असते. ‘आमचं’ म्हणून मी त्यांना एका शब्दात दाराबाहेर उभं केलं. आणि त्या ‘आमचं’मध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळे ज्या गोष्टीला नाही म्हणाले, ती मी सगळ्यांच्या नावावर त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“सगळ्यांचं?” त्यांनी विचारलं. एवढंच.

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, “मकरंदचंपण?” — आणि मी परत हो म्हणालो. मकरंदवर त्यांचा जीव होता.

टीमला मी वेगळंच सांगितलं. काकाच जातो म्हणाले, असं सांगितलं. गुडघा दुखतो, ते मैदान त्यांना घराजवळ पडतं, फार आग्रह करू नका म्हणाले. मकरंदचं तोंड एवढंसं झालं. “आपल्याला एकदा बोलले असते तर,” म्हणाला.

तुम्ही म्हणाल, हे टिकलं कसं? एका फोनने उघडं पडलं असतं. मीही कित्येक रात्री त्या फोनची वाट बघत पडून राहिलो. पण आपली माणसं! काकांनी कुणाला विचारलं नाही, कारण पोरांना कशाला अवघडून टाका. पोरांनी काकांना विचारलं नाही, कारण मोठ्या माणसाला जाब कसा विचारायचा. गणपतीला काका आरतीपुरते आले आणि प्रसाद घेऊन निघाले. ते परके वागले असं सगळ्यांना वाटलं, आणि काकांना काय वाटलं असेल ते मला एकट्याला माहीत होतं. मी तिथेच होतो, खिरापत वाटत.

तिकडच्या टीमकडून ते दोन-चार मॅच खेळले आणि बंद झाले. काइलमुळे आम्ही जिंकायला लागलो. मला आनंद झाला — तेही लपवत नाही.

पुढे त्यांची मुलगी त्यांना दक्षिणेत, अल्फारेटाला, आपल्या घरी घेऊन गेली. घर रिकामं करताना मी खोकी उचलायला गेलो होतो. मध्येच काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “शिरीष, एक सांगू? त्या वेळी तू एकटा घरी आलास. तोंडावर सांगितलंस. बाकीच्यांना तेवढंही जमलं नाही. मी विसरलो नाही ते.”

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हा कळत होतं. मी म्हणालो, “काय काका, त्यात काय एवढं.” आणि पुढचं खोकं उचललं.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतो. मला एकट्याला. श्रूजबरीत त्यांच्या लेखी मीच काय तो एक सरळ माणूस उरलोय. नातवाच्या शाळेबद्दल सांगतात, तिकडच्या उकाड्याबद्दल सांगतात. मग मॅचचं विचारतात. मकरंद मैदानावर मला दरवेळी विचारतो, काका कसे आहेत रे, मला का नाही फोन करत, माझं काही चुकलं का. मी म्हणतो, वय झालं त्यांचं, विसरतात.

परवाच्या रविवारी काकांनी बोलता बोलता विचारलं, “काय रे, माझी आठवण काढतं का तिथे कुणी?”

मी म्हणालो, “काढतात की काका. अधूनमधून.”