भरल्या टाकीनं वाडी गाठली

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या जुन्या ट्रकवर पाण्याची टाकी आहे. उन्हाळ्यात खालापूरकडच्या एका डोंगरवाडीला आम्ही पाणी पोचवतो. पण शेवटच्या चढावर इंजिन दम टाकायचं. मग पाणी पायथ्याशीच द्यावं लागायचं आणि बाया हंडे घेऊन खाली यायच्या.

यंदा माझ्या नवऱ्यानं, सुदामनं, साजगावच्या गॅरेजात मोठं, जास्त ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. क्लच, गिअरबॉक्ससुद्धा बदलला. आरटीओची मंजुरी आली आणि आज पहिली फेरी. मीही शेजारी बसले.

चढाच्या तोंडाशी सुदाम म्हणाला, "नाय चढला तर गं?"

"मागं येऊ. टाक गिअर."

आवाजच वेगळा होता, खोल आणि संथ. ज्या वळणावर ट्रक दरवेळी थरथरून थांबायचा, तिथून तो न अडखळता वर गेला.

हंडे घेऊन उतरायला निघालेल्या बाया आम्हाला बघून जागीच थांबल्या. त्यांच्यातली एक म्हातारी पुढं आली. तिनं बॉनेटला हात लावला आणि चटका बसताच मागं घेतला.

"लई तापलाय गं. आदी याला पाणी पाजा, मंग आमी भरू."

सुदामनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला तर त्या इंजिनापेक्षा ती बाईच मोठी वाटली.

तुम्हाला काय वाटलं असतं?