बोगद्यात नाव घ्यायचं नाही

मी मुळात भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "त्यात काय एवढं" म्हणायला नको. माझं माहेर मुर्रीचं, गोंदियाला लागूनच. तिथे अंधार असा नसतोच, कुठला ना कुठला दिवा दिसत राहतो. नव्याण्णव साली लग्न होऊन मी सालेकसा तालुक्यात, जंगलाला टेकलेल्या गावात आले आणि पहिल्या आठवड्यातच गावामागच्या टेकडीची धास्ती घेतली.

त्या टेकडीच्या पोटातून रेल्वेचे दोन बोगदे जातात. एकातून दिवसभर गाड्या धडधडत असतात. दुसरा जुना, कधीचाच सोडून दिलेला. त्याचे रूळ रेल्वेने उखडून नेले, खडी गावकऱ्यांनी घरांच्या पायव्यांत घातली, आणि मागे उरलं ते नुसतं काळं तोंड. पलीकडचं तोंड दरड कोसळून जवळजवळ बुजलेलं होतं. तिकडे अस्वल राहतं, असं सगळे म्हणत.

माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. जुन्या बोगद्यात गाडी आली की कुठे उभं राहायचं, हे ते जेवताना हातवारे करून सांगत. बोगद्याच्या भिंतीत माणूस मावेल एवढे कोनाडे असतात. त्यात पाठ लावून अंग चोरायचं आणि गाडी जाईपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. अंधारात भिंतीवरचा हात सोडायचा नाही. वळण आलं की पुढे उजेड आहे असं समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बोगद्यात कोणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही.

"काऊन, मामाजी?" मी एकदा विचारलं.

"बोगदा नाव आयकून ठेवते," ते म्हणाले. "मंग तोच हाका मारते. आपण ओ देल्ली का गेला माणूस."

हे सांगताना ते हसले नाहीत. त्यामुळे माझी जास्तच तंतरली.

पुढे काही वर्षांनी आमच्या बचत गटाने मश्रूमचं प्रशिक्षण घेतलं. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळिंब्या, आमच्याकडे सगळेच आवडीने खातात, पण त्या घरी पिकवायच्या हे नवीन होतं. धानाचा मुलूख, त्यामुळे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पाहिजे तेवढी. ती उकळायची, पिशव्यांत बी घालून भरायची आणि गार, ओलसर जागी टांगायची. गार जागा कुठून आणणार? आमच्याकडच्या घरांत होळीनंतर माणसंच शिजतात. तेव्हा माझी मोठी जाऊ, म्हणजे गटाची अध्यक्ष, म्हणाली, बोगदा आहे ना.

"बाई, तेथं अस्वल रायते," मी म्हटलं.

"रायते तं राहू दे. तो तिकडच्या तोंडानं रायते, आपण इकडच्या तोंडानं राहू."

जाऊबाईसमोर कोणाचं काही चालत नसे, माझं तर नाहीच. बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन आम्ही बायका पहिल्यांदा आत शिरलो, तेव्हा मी मुद्दाम मधोमध राहिले. मे महिन्यातसुद्धा आत हिवाळा होता. डोक्यावर वटवाघळं लोंबत होती, भिंतींतून पाणी झिरपत होतं. वळणापलीकडे जमिनीवर अस्वलाची विष्ठा पडलेली होती, टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या फळांच्या, बियांनी भरलेली आणि ताजी. त्याच वेळी शेजारच्या बोगद्यातून मालगाडी गेली आणि आमच्या अंगावर माती सांडली. मी सगळ्यांच्या आधी बाहेर आले. जाऊबाई सगळ्यांत शेवटी आली आणि म्हणाली, जागा चांगली आहे.

मग आम्ही तोंडाला फळ्यांचं दार केलं. आत पिशव्या टांगायची जागा, तिच्यामागे बांबूचा तट्टा आणि प्लॅस्टिकचा पडदा. पडद्याआड सुकी तणीस रचायची. तिच्याही मागे आणखी एक तट्टा ठोकला, अस्वलासाठी. त्याच्यापलीकडे कोणी जायचं नाही असं ठरलं. मला ते ठरवायची गरज नव्हती.

बोगद्याच्या तोंडाशी गँगमन लोकांनी मांडलेला शेंदराचा देव होता. त्याच्यासमोरून चपला घालून कोण जाणार? शिवाय मश्रूमला बाहेरची घाण चालत नाही, असं प्रशिक्षणातही सांगितलेलं. म्हणून आम्ही देवाजवळच्या एका सपाट दगडावर चपला काढून आत अनवाणी जायचो. संध्याकाळी दार लावणारी बाई फक्त दगडाकडे बघायची. चपला असल्या तर कोणीतरी आत आहे. दगड मोकळा असला तर दार लावायचं. हाक मारायचा प्रश्नच नव्हता, कारण बोगद्यात नाव घ्यायचं नाही. ही पद्धत इतकी सोयीची होती, की तिच्यात काही चुकू शकतं असं कोणाला वाटलंच नाही.

एका उन्हाळ्यात पिशव्यांवर हिरवी बुरशी आली आणि सगळं पीक फेकावं लागलं. पावसाळ्याआधी जागा धुवायची, फॉर्मलिन शिंपडायचं आणि दोन दिवस बंद ठेवायची, असं ठरलं. फॉर्मलिनचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको. नाकात गेलं की डोळ्यांतून पाणी काढतं, घसा आवळतो. म्हणून शिंपडणारी बाई तोंडाला ओला दुपट्टा बांधून पडद्यापासून दाराकडे मागे मागे येत जायची, बाहेर पडायची, आणि बाकीच्या दाराच्या फटी मातीने लिंपून टाकायच्या.

त्या दिवशी दुपारी बाकीच्या जेवायला घरी गेल्या होत्या, तेवढ्यात माझी नणंद धावत बोगद्यापाशी आली. तिला गोंदियाची गाडी पकडायची होती, फुलचूरला तिचं सासर. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला. मी म्हटलं, माझ्या घालून जा, मी काय, संध्याकाळी अनवाणी घरी जाईन. ती माझ्या चपला घालून, स्वतःच्या पिशवीत कोंबून पळाली. मी पडद्यामागे तणसाच्या पेंढ्या मागे सरकवायला गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मस्त गारवा. माझी दीड वर्षाची पोर सासऱ्यांजवळ होती आणि रात्रभर तिच्या दातांनी मला झोपू दिलं नव्हतं. पाच मिनिटं टेकावं म्हणून मी तणसावर पडले आणि गाढ झोपले.

जाग आली ती खोकल्याने. पूर्ण अंधार होता. डोळे उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. घशात आग होत होती. क्षणभर मला कळेना मी कुठे आहे. मग वास ओळखला. पडदा उचलून मी दाराकडे धावले, पण तिथे हवाच नव्हती, नुसती सुई टोचत होती नाकाडोळ्यांत. अर्ध्या वाटेत डोळे असे मिटले की उघडेनात. श्वास घेतला की छाती आत ओढली जायची. "बाई! ओ बाई! मी अंदर आहो!" असं मी ओरडले, आणि नेमकी त्याच वेळी शेजारून गाडी गेली. ती संपेपर्यंत मी तशीच ओरडत राहिले. गाडी गेल्यावर माझाच आवाज चारही बाजूंनी अंगावर आला, फाटलेला, कोणा भलत्याच बाईचा. मला माझ्याच आवाजाची भीती वाटली.

दार काही उघडलं नाही. मी परत पडद्याआड आले. वास तिथेही पडद्याखालून येतच होता. मला स्वच्छ कळलं की इथे बसले तर मी मरणार, आणि दोन दिवसांनी हेच लोक मला बाहेर काढणार. पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. तिला दूध कोण पाजणार, एवढाच विचार मनात होता. मग ज्या तट्ट्यापलीकडे कधी जावं लागू नये म्हणून मी देवाला हात जोडले होते, तोच तट्टा मी दोन्ही हातांनी ओढला. बांबूच्या कांब्या बोटांत घुसल्या, पण भोक पडलं.

पलीकडची हवा गार होती. तिला जनावराचा वास होता.

सासऱ्यांनी सांगितलं होतं तसा भिंतीवर हात ठेवला आणि चालू लागले. हातावरून ओलं काहीतरी ओघळत होतं. पायाखाली माती, चिखल, मग काहीतरी मऊ आणि त्यात टोचणाऱ्या बिया. मी ओळखलं. एकदम भिंत संपली आणि मी एका कोनाड्यात पडले. तशीच पाठ लावून उभी राहिले. पुढे अंधारात कोणीतरी श्वास घेत होतं, जड, नाकातून. मी माझा श्वास रोखला. तोही थांबला. मी घेतला, तोही सुरू झाला. माझाच असेल, असं मी मनाला सांगत होते, पण मन ऐकेल तर ना. आजही मला माहीत नाही की तिथे काय होतं. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या कोनाड्यातून एक पाऊल पुढे टाकायला मी तयार नव्हते आणि मागे जाता येत नव्हतं. मी तिथे लहान पोरीसारखी आई आई करत रडले, तेही तोंडात पदर कोंबून.

मग लांबून गाडीची थरथर आली. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं घाबरत आले होते, तो भरात येताच मी कोनाड्यातून निघाले आणि भिंतीला खांदा घासत पळत सुटले. आवाज आहे तोवर कोणाला माझी चाहूल लागणार नाही, एवढंच मला सुचलं. वळण आलं. वळणापलीकडे दरडीच्या वर बोटभर उजेड दिसला.

त्या दरडीवरून मी कशी चढले, ते माझे गुडघे सांगतील. फटीतून बाहेर पडले तेव्हा ऊन उतरलेलं होतं. टेकडीवर वाट अशी नाहीच, नुसते दगड आणि काटे. तळवे फाटत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की खाली माझ्या नावाने रडारड चालू असेल. मी दिसले की जाऊबाई मला गळ्याशी धरेल.

खाली आले तर गटाच्या बायका दारापासून लांब, मोहाच्या झाडाखाली एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. कोणी रडत नव्हतं, कोणी मला शोधत नव्हतं. मला बघताच एक जण किंचाळली. जाऊबाई उठून उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"थांब! तेथंच थांब! पाय दाखव आधी."

मला कळेचना. मग कळलं. भुताचे पाय उलटे असतात. त्यांनी आतून आलेला माझा आवाज ऐकला होता. सगळ्यांनी ऐकला होता. पण दगड मोकळा होता, आत कोणी नव्हतं, म्हणजे हाक मारत होता तो बोगदा. म्हणून त्यांनी कान झाकले, देवाला हात जोडले आणि लांब जाऊन बसल्या.

मला असा संताप आला की भीती कुठच्या कुठे गेली. मी लुगडं घोट्यांच्या वर धरलं. "पाहा! पाहा न चांगले!"

"सरळच आहेत वो," कोणीतरी हळूच म्हणालं.

जाऊबाई मात्र बघतच राहिली. चिखल, रक्त, रुतलेले काटे.

"तुया चपला कोठी आहेत?" तिने विचारलं.

"नणंदबाई घालून गेल्या गोंदियाले."

ती मटकन खाली बसली. शेवटी ती म्हणाली, "चपला नोहत्या न दगडावर. मंग मी काय समजू?" हीच तिची माफी. तिच्या तोंडून याहून जास्त यायचं तर सूर्य पश्चिमेला उगवावा लागला असता. मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. एका घरात राहून न बोलणं किती अवघड असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

मी पुन्हा कधी आत गेले नाही. पिशव्या बाहेर भरायचं काम घेतलं, आणि घरात कोणी कडी लावली तरी दचकायला लागले. गट आणखी काही वर्षं चालला. मग रेल्वेची माणसं आली, पाहणी झाली, आणि बोगदा धोक्याचा आहे, दोन्ही तोंडं बंद करणार, असं ठरलं. सामान काढून घ्या म्हणाले. आम्ही काढलं.

इकडची भिंत पूर्ण होत आली त्या दिवशी जाऊबाई म्हणाली, चल. मला जायचं नव्हतं, तरी गेले. वरच्या कोपऱ्यात डोकं जाईल एवढी जागा उरली होती. मिस्तरी छत्तीसगडकडचा होता, आमची चपलांची पद्धत त्याने गावात ऐकली होती. हातात वीट घेऊन तो थांबला, कारण जाऊबाई परांचीवर चढून भोकाशी जाऊन उभी राहिली होती.

"अंदर कोई नहीं है, बाई," तो म्हणाला. "देखो ना, बाहर एक भी चप्पल नहीं पड़ी है."

जाऊबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वीट घेऊन मागे सरला. मग तिने भोकात तोंड घातलं आणि माझं नाव घेऊन हाक मारली. पुन्हा मारली. बोगद्याने ते नाव वळणापर्यंत नेलं आणि परत आणलं, एकदा, दोनदा. मी तिच्या खाली, हाताच्या अंतरावर उभी होते. तिला ते माहीत होतं. तरी तिने डोकं बाहेर काढलं नाही, मिस्तरीला हाताने थांबवून ठेवलं.

"ओ, बाई," मी म्हटलं. "मी येथं आहो."

तेव्हा कुठे ती खाली उतरली आणि मिस्तरीला म्हणाली, "लाव आता."